करमचंद, काकू आणि ‘मग काय झालं?’

(मंडळाच्या कौटुंबिक स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाने आम्हाला विषय दिला आहे, ‘दूरदर्शनच्या जुन्या मालिकांच्या आठवणी’. आम्ही पडलो राज्य सरकारचे नोकर. वरून विषय आला की त्यावर नोटशीट लिहून परत वर पाठवायची, एवढंच आम्हाला येतं. त्यातून आम्ही पदविकावाले उपयंत्री, तेव्हा साहित्यिक भाषणाची अपेक्षा कृपया ठेवू नये. आणि आम्ही ‘आम्ही’ म्हणतो ते मोठेपणा म्हणून नव्हे. इंदूरच्या रामबागेतल्या एका घरात आम्ही सख्खी-चुलत मिळून सहा भावंडं वाढलो. टीव्ही एक, सतरंजी एक. जे पाहिलं ते सहाजणांनी पाहिलं, म्हणून ‘आम्ही’.

आधी थोडी माहिती, कारण नव्या पिढीला हे सगळं पेशवाईइतकंच जुनं वाटतं. आपल्या देशात टीव्ही सुरू झाला दिल्लीत, १५ सप्टेंबर १९५९ रोजी. मुंबई केंद्र आलं २ ऑक्टोबर १९७२ला. पुढच्याच वर्षी सिंहगडावरच्या प्रक्षेपकामुळे पुणेकरांनाही मुंबईचे कार्यक्रम दिसू लागले. रंगीत प्रक्षेपण आलं १९८२मध्ये, दिल्लीच्या आशियाई खेळांच्या वर्षी. त्यानंतर इन्सॅट उपग्रह आणि गावोगावचे छोटे प्रक्षेपक यांच्यामुळे १९८४च्या सुमारास टीव्ही आपल्यासारख्यांच्या घरात शिरला.

पण आपल्या घरात शिरला तो दिल्लीचा टीव्ही. मुंबई केंद्राचा मराठी टीव्ही इथे दिसणं शक्यच नव्हतं. टीव्हीच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात, आणि मुंबई नि माळवा यांच्यामध्ये सातपुडा आणि विंध्य उभे आहेत. तरीही आमच्या आजोबांना वाटे की अँटिना अजून दोन हात उंच केला तर मुंबई लागेल. लागलं काय, तर अँटिन्यावर बसायला जास्त कावळे आले. एकजण गच्चीवर, एक जिन्यात, एक टीव्हीपुढे, आणि “आला का? गेला! होता तसाच राहू दे!” हा पुकारा. आम्ही पुढे पॉलिटेक्निकला विद्युत शाखा घेतली, तिचं प्रात्यक्षिक आधीच झालेलं होतं.

सेट काळा-पांढरा, लाकडी शटरचा. त्यावर काही दिवस तो तीन रंगांचा प्लॅस्टिकचा कागदही लावला होता. वर निळा, खाली हिरवा, मध्ये तांबूस. बातम्या देणाऱ्या बाईंचं कपाळ निळं आणि साडी हिरवी दिसायची. आजी म्हणाली, “हे काढा, त्या बाई आजारी वाटतात.”

आणि मालिका! आज विचार केला तर त्या किती तऱ्हेवाईक होत्या ते कळतं. १९८५च्या ‘करमचंद’मध्ये पंकज कपूर काळा चष्मा लावून गाजर खात खात खुनी शोधायचा. शेजारी भोळे प्रश्न विचारणारी किटी. त्या थंडीत आजीने हलव्याला आणलेली गाजरं किसणीपर्यंत पोचलीच नाहीत, घरात सहा गुप्तहेर झाले होते. ‘विक्रम और बेताल’ रामानंद सागरांनी ‘रामायण’च्या आधी केलेली. अरुण गोविलांना लोकांनी राम म्हणून हात जोडण्यापूर्वी आम्ही त्यांना पाठीवर बेताळ घेऊन चालताना पाहिलं होतं. ‘ये जो है ज़िंदगी’मध्ये सतीश शाह दर भागात वेगळाच माणूस होऊन यायचे, आणि आज ते कोण होणार यावर आमच्या पैजा लागत. ती लिहिणारे शरद जोशी आपल्या उज्जैनचे, हे वडील दर शुक्रवारी सांगायचे, जणू तेही लेखनाला बसले होते. ‘इंद्रधनुष’मधली मुलं घरी संगणक जोडून काळाच्या मागे-पुढे जात. आणि ‘मुंगेरीलाल के हसीन सपने’मधला कारकून बसल्या जागी राजा होई. ते काम करणारे रघुबीर यादव जबलपूरचे. आमच्या कार्यालयात असे मुंगेरीलाल आजही आहेत, नावं घेत नाही, काही जण सभागृहात आहेत.

इथपर्यंत आठवणी झाल्या. आता मुद्द्याचं.

१९८४मध्ये आमच्या घरी धाकटी काकू आल्या, लग्न होऊन, पुण्याहून. त्या आज इथे पुढच्या रांगेत बसल्या आहेत, म्हणून जपून बोलतो. काकूंनी पुण्यात शेजाऱ्यांकडे बसून मुंबई केंद्राचा ‘चिमणराव’ पाहिलेला. दिलीप प्रभावळकरांचा चिमणराव, बाळ कर्व्यांचा गुंड्याभाऊ. आम्ही तो कधी पाहिला नव्हता आणि पाहायला मिळणारही नव्हता. यातली गंमत बघा. चिमणराव लिहिणारे चिं. वि. जोशी हे बडोद्याला पालीचे प्राध्यापक, म्हणजे आपल्यासारखेच महाराष्ट्राबाहेर नांदलेले. बृहन्महाराष्ट्रातल्या माणसाने लिहिलेला चिमणराव बृहन्महाराष्ट्रातल्याच आम्हा मुलांना दिसत नव्हता. तो आम्हाला काकूंनी सांगितला. पोळ्या लाटता लाटता, आवाज बदलून, गुंड्याभाऊसारखं लाटणं उगारून.

त्याच्या बदल्यात आम्ही त्यांना करमचंद सांगायचो. कारण काकूंना टीव्ही दिसत नव्हता. नवी सून, रात्रीच्या स्वयंपाकाची वेळ आणि मालिकेची वेळ एकच. बैठकीत बारा माणसं टीव्हीपुढे आणि काकू स्वयंपाकघरात. त्यांना आवाज ऐकू यायचा, चित्र नाही. जुन्या दिवसांचं आपण फार गोड वर्णन करतो. पण घरातल्या बायकांनी या मालिका अर्ध्याच पाहिल्या, हेही त्याच दिवसांतलं आहे.

तर मालिका संपली की स्वयंपाकघरातून हाक यायची, “मग काय झालं?” आणि आम्ही सहाजण आत धावायचो. अट एकच. काकू म्हणायच्या, “हिंदी बाहेर बोला, इथे मराठीत सांगा.”

आता आली का पंचाईत! आम्हाला मराठी येत होतं ते जेवण-खाण, रुसवे-फुगवे आणि आरत्या एवढ्यापुरतं. शाळा हिंदी, गल्ली हिंदी. खुनाची गोष्ट मराठीत सांगायची कशी? आम्ही म्हणायचो, “काकू, करमचंदला सुराग मिळाला.” काकू विचारायच्या, “सुराग म्हणजे?” “म्हणजे... ते... ज्याच्याने चोर सापडतो.” “मग माग लागला म्हणा.” तिथे आम्हाला ‘माग’ हा शब्द मिळाला. ‘गवाह’चा साक्षीदार झाला, ‘साज़िश’चं कारस्थान झालं. मुंगेरीलालची कथा ऐकून काकू म्हणाल्या, “म्हणजे मनात मांडे खाणारा!” मांडे कसे असतात ते आम्ही तोवर पाहिले नव्हते, पण मनात खाल्ले.

आणि ‘वागले की दुनिया’! १९८८मध्ये ती आली तेव्हा मराठी आडनावाचा एक साधा कारकून साऱ्या देशाच्या टीव्हीवर आला. आर. के. लक्ष्मण यांची पात्रं, कुंदन शाह यांचं दिग्दर्शन, अंजन श्रीवास्तव आणि आपल्या भारती आचरेकर. वडिलांच्या कार्यालयात त्यांना सगळे ‘वागलेजी’ म्हणू लागले. आम्हीही घरी ‘वागले, वागले’ करायचो. काकूंनी हातातलं लाटणं खाली ठेवलं आणि म्हणाल्या, “वागले नाही, वागळे. म्हणा, ळ.” सहाजणांना ओट्यापाशी उभं करून ‘ळ’ म्हणायला लावला. इंदूरच्या मुलांच्या जिभेवरून ‘ळ’ किती लवकर घसरतो, हे इथे बसलेल्या प्रत्येक आईला ठाऊक आहे. आमचा घसरला नाही, त्याचं श्रेय एका हिंदी मालिकेला आणि ती न पाहू शकलेल्या काकूंना आहे.

आता रविवारच्या दुपारचं सांगतो. तेव्हा रविवारी दुपारी प्रादेशिक भाषांतला एकेक चित्रपट लागायचा, खाली इंग्रजी अक्षरांत भाषांतर. मल्याळम, बंगाली, असमिया करत करत कधीतरी मराठीची पाळी येई. त्या दिवशी आमच्या घरी शेजारचे सिंधी काका, वरच्या माळ्यावरचे जैन कुटुंब, सगळे यायचे. ती इंग्रजी अक्षरं वाचून होईपर्यंत पुढचं वाक्य येई. मग तेच आम्हाला विचारत, “क्या बोला?” एरवी आम्ही हिंदीतून मराठीत सांगायचो, त्या दुपारी मराठीतून हिंदीत. इतर दिवशी आम्ही या शहरात पाहुण्यांसारखे वागायचो, त्या दुपारी आम्ही यजमान असायचो. पोहे-जलेबी आमच्याकडून.

मंडळी, आम्हाला सांगायचं आहे ते एवढंच. आपली मराठी मराठी टीव्हीमुळे टिकली नाही, कारण तो आपल्याकडे नव्हताच. ती टिकली, कारण जे पाहिलं ते न पाहिलेल्या माणसाला सांगावं लागत होतं. कोणी स्वयंपाकघरात होतं, कोणाला कमी ऐकू येत होतं, कोणाची वीज गेली होती. सांगण्यावाचून सुटका नव्हती, आणि घरात सांगायची भाषा मराठी होती.

आज मराठी वाहिन्या चोवीस तास आहेत. हव्या त्या मालिका हव्या तेव्हा मिळतात. तरी आपल्या घरातली मुलं मराठीत विचारलेल्या प्रश्नाला हिंदीत उत्तर देतात. कार्यकारिणीच्या दर बैठकीत यावर चर्चा होते, मराठी वर्ग सुरू होतात, आणि चौथ्या रविवारी वर्गात शिक्षिका आणि दोन मुलं उरतात. मुलांचा दोष नाही. प्रत्येकाचा मोबाईल वेगळा, कानात बोंडकं. ज्याने जे पाहिलं ते त्याचं त्याने पाहिलं. “मग काय झालं?” असं विचारणारं कोणी नाही, मग मराठीत सांगायचं कोणाला?

मागच्या दिवाळीतली गोष्ट. आमची पुतणी कोरियन मालिका पाहते. त्या संध्याकाळी वीज गेली आणि मोबाईलची बॅटरीही संपली. काकू शेजारी बसल्या होत्या. सवयीने त्यांनी विचारलं, “मग काय झालं गं पुढे?” पोरीने हिंदीत सुरुवात केली. काकू म्हणाल्या, “मराठीत.” ती अडखळली. “त्यांची सगाई झाली... पण...” “साखरपुडा.” “हं, साखरपुडा झाला, पण त्याच्या आईने...” पाऊण तास चाललं. काकूंनी विचारलेले प्रश्न तेच होते, चाळीस वर्षांपूर्वीचे: ती सून कोणाची, तो एवढा का चिडला, घर कोणाच्या नावावर आहे. वीज आली तेव्हा दोघींपैकी कोणीच उठलं नाही.

जाता जाता आणखी एक. त्या काळी दूरदर्शनकडे टेप महाग असायची. जुन्या कार्यक्रमावरच नवा कार्यक्रम मुद्रित करत, आणि कितीतरी जुने कार्यक्रम असे पुसले गेले. ते आता फक्त पाहणाऱ्यांच्या आठवणीत आहेत, आणि ते पाहणारेही दरवर्षी कमी होत आहेत. काही मालिका मात्र सापडतात. दोन वर्षांपूर्वी आम्ही काकूंना मोबाईलवर करमचंदचा एक भाग दाखवला, पहिल्यांदाच, सलग, बसून. त्यांनी तो नीट पाहिला, चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या, “तुम्ही सांगायचात तो जास्त हुशार होता.”

तर आमची मंडळाला विनंती आहे, ती नोटशीटसारखी मुद्देसूद मांडतो.

एक: यंदाच्या उत्सवात एक संध्याकाळ ‘मग काय झालं?’ या नावाने ठेवावी. पडदा नको, प्रोजेक्टर नको. घरातल्या ज्येष्ठांनी आपण पाहिलेल्या एका जुन्या मालिकेचा एक भाग मुलांना सांगावा, आणि मुलांनी हल्ली पाहिलेलं काहीही, कोरियन चालेल, जपानी चालेल, ज्येष्ठांना मराठीत सांगावं. शब्द अडला तर समोरच्याने पुरवावा, हसू नये.

दोन: ज्येष्ठ जे सांगतील ते मुलांनी मोबाईलवर मुद्रित करावं. तेवढ्यापुरता मोबाईल काढायला आमची हरकत नाही.

तीन, आणि हे मंडळासाठी नाही, आपल्या घरासाठी: मुलं काय पाहतात यावर रागावण्याआधी एकदा विचारून पाहा, “मग काय झालं?” आणि पूर्ण ऐका. पोळी करपली तरी चालेल.

काकू, तुमच्या परवानगीशिवाय हे सगळं बोललो. आता घरी गेल्यावर काय व्हायचं ते होईल.

गणपती बाप्पा मोरया!