ट्रॉली भरताना



दिवाळीच्या सुमारास अंजनगाव सुर्जीत ट्रॉल्यांची वर्दळ वाढते. सोयाबीन बाजार समितीत जातं, कापूस जिनिंगला निघतो, आंबिया बहाराचा संत्रा बागेबाहेर पडतो. दर्यापूर, अकोट, परतवाडा, कुठल्याही रस्त्यानं जा, भरलेली ट्रॉली दिसतेच. ती किती भरावी आणि कशी भरावी, याबद्दल आज बोलू.

“ट्रॅक्टर आरामात ओढतो ना, मग टाका अजून चार पोती,” असं आपण म्हणतो. पण ओढायचं काम इंजिनचं आणि थांबवायचं काम ब्रेकचं. कित्येक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेकच नसतात. मागचं सगळं वजन ट्रॅक्टरच्या ब्रेकवर येतं. त्यात वेग दुप्पट केला, तर ब्रेक दाबल्यावर गाडी थांबायला चौपट अंतर लागतं.

म्हणून आधी ट्रॉलीचे कागद पाहा. त्यात भरलेल्या ट्रॉलीचं कमाल वजन आणि रिकामं वजन दिलेलं असतं. समजा, कमाल वजन 6 टन आणि रिकामं दीड टन. मग माल साडेचार टन, म्हणजे 45 क्विंटल, त्यापुढे एक पोतंही नको. सोयाबीनची पोती ट्रॉली भरलेली दिसण्याआधीच ही मर्यादा गाठतात.

कापसाचं उलट आहे. वजन मर्यादेत असतं, पण ढीग उंच जातो, दोन्ही बाजूंनी लोंबतो. वळणावर किंवा वावरातून सडकेवर चढताना अशी ट्रॉली कलंडते, विजेच्या तारेलाही लागते. खेपा वाढल्या तरी चालतील, ढीग वाढवू नका.

मागं भार गेला की बंडी उलाळ होते, हे आपले जुने गाडीवान जाणत. दोन चाकी ट्रॉलीचंही तसंच आहे. मागं जास्त भरलं तर दांडी वर उचलते आणि ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांची पकड सुटते. पुढं फार भरलं तर ट्रॅक्टरचं तोंड हलकं होऊन स्टिअरिंग ऐकत नाही. भार आखावर, किंचित पुढं ठेवा.

सडकेवर येताच ब्रेकचे दोन्ही पेडल जोडून घ्या, नाहीतर एकाच चाकाला ब्रेक लागून ट्रॅक्टर फिरतो. उतारावर न्यूट्रल करू नका. हुकाची पिन आणि तिची खीळ रोज तपासा. ट्रॉलीच्या मागं लाल रेडियम लावा.

2019 मध्ये सुधारलेल्या मोटार वाहन कायद्यात जादा वजनासाठी 20,000 रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला 2,000 रुपये दंड सांगितला आहे. माल बाहेर लोंबत असेल तरी 20,000 रुपये.

शेवटी एक कळकळीची विनंती. वेचणीच्या बायांना कापसाच्या ढिगावर बसवून आणू नका. त्यांच्यासाठी वेगळी गाडी करा.