४५ पैशांचा विमा

गावातून काशीयात्रेला जायचे ठरले की आगगाडीचे तिकीट काढायचे काम बहुधा गुरुजींकडेच येते. मोबाईलवर तिकीट काढताना एक प्रश्न येतो : प्रवास विमा हवा काय? माणशी ४५ पैसे. २०१६ मध्ये योजना निघाली तेव्हा ९२ पैसे होते. घाईत ‘नको’ म्हणू नका बरे! एवढ्या पैशांत काडेपेटीसुद्धा येत नाही. रेल्वे अपघातात माणूस दगावला अगर कायमचा पुरता अपंग झाला, तर १० लाख. इस्पितळाच्या खर्चाला २ लाखांपर्यंत. गाडी चुकली, उशिरा आली, तर मात्र छदामही नाही. खिडकीवर काढलेल्या तिकिटालाही हा विमा नाही.

खरी गोम पुढेच आहे. तिकीट निघाले की विमा कंपनीचा संदेश येतो. त्यात वारसाचे नाव भरायचे असते. संदेश येतो गुरुजींच्या मोबाईलवर, आणि प्रवासाला निघालेल्या म्हातारबांना त्याचा पत्ताच नसतो! नाव राहिले म्हणून विमा बुडत नाही. पण वारसाच्या दाखल्यासाठी घरच्यांना कचेरीत हेलपाटे घालावे लागतात. तेव्हा गुरुजी, तिकीट हाती देण्याआधी एवढे विचारा : “बाबा, नाव कुणाचं घालू?”