संख्याबळ आणि समाजबळ

(ज्ञातिसंघाच्या नांदगाव येथील वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



लोकसंख्येच्या प्रश्नावर मी चार शब्द बोलावेत, अशी कार्यकारी मंडळाची आज्ञा झाली. अलीकडे अनेक समाजांच्या व्यासपीठांवरून ‘आपली संख्या घटत आहे, अधिक मुले होऊ द्या’ असा सूर ऐकू येतो. आपल्यातही काही मंडळी हा विचार कळकळीने मांडतात. त्यांच्याविषयी पूर्ण आदर राखून मला त्याविरुद्ध बोलावयाचे आहे.

प्रथम देशाकडे पाहू. १९५१ च्या शिरगणतीत भारताची लोकसंख्या सुमारे ३६ कोटी होती. २०११ मध्ये ती १२१ कोटी झाली. २०२३ साली आपण चीनलाही मागे टाकले, असा संयुक्त राष्ट्रांचा अंदाज आहे. या वाढीचे मूळ मृत्यूच्या घटीत आहे. देवीच्या रोगाचे उच्चाटन झाले, हिवतापाला पुष्कळसा आळा बसला, बाळंतपणे दवाखान्यात होऊ लागली. त्यामुळे जन्मलेली मुले जगू लागली. जन्माचे प्रमाण मात्र पुष्कळ मागाहून उतरले आणि मधल्या काळात माणसे वाढत गेली.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. सिंधुदुर्गात २००१ साली ८,६८,८२५ माणसे होती, २०११ साली ८,४९,६५१ उरली. म्हणजे दहा वर्षांत १९,१७४ ची घट. त्याच दहा वर्षांत त्या वेळच्या अखंड ठाणे जिल्ह्यात ८१ लाखांची वस्ती १ कोटी १० लाखांवर गेली. आपली पुष्कळशी माणसे कल्याण-डोंबिवलीस आणि वसई-विरारला एकेका खोलीत दाटीने राहत आहेत, आणि इकडे कुणगे पडीक पडून घरांना कुलपे लागली आहेत. चतुर्थीच्या आदल्या दिवशी नांदगावच्या तिठ्यावर उतरणारे चाकरमानी आपण सर्वच पाहतो. विसर्जनानंतर वाडीत कोण उरते, हेही आपण जाणतो.

तेव्हा मी नम्रपणे विचारतो : प्रत्येक घरी आणखी दोन मुले जन्मली, तर हे ओसाडपण भरेल काय? पोटापाण्याचा उद्योग येथे नसेल, तर ती मुलेही अठराव्या वर्षी मुंबईची गाडी धरतील. गाव रिकामेच राहील आणि शहरातील खोली मात्र अधिक दाटेल.

मर्यादित कुटुंबाचा विचार आपल्या भूमीला परका नाही. कोकणातील मुरूडच्या कर्वे कुळातील रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि १९२७ पासून मृत्यूपर्यंत, म्हणजे १९५३ पर्यंत, ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालविले. त्यांनी प्राध्यापकाची नोकरी गमावली, अश्लीलतेचे खटले सोसले. १९३४ चा खटला त्यांच्या वतीने डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लढविला. मूल केव्हा व्हावे हे ठरविण्यात स्त्रीचा अधिकार मानावा, हा कर्व्यांचा आग्रह आजही आपल्याला पुरता पचलेला नाही.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात दर स्त्रीमागे सरासरी १.७ मुले आहेत. संख्या स्थिर राहण्यास ती सुमारे २.१ लागतात. मुलींचे शिक्षण वाढले, लग्नाचे वय वाढले, त्याचे हे फळ होय. परंतु भार कोणी उचलला? त्याच पाहणीत देशातील सुमारे ३८ टक्के विवाहित स्त्रियांनी शस्त्रक्रिया करून घेतलेली आढळते. पुरुषांच्या शस्त्रक्रियेचे प्रमाण अर्धा टक्काही नाही. वस्तुतः पुरुषाची शस्त्रक्रिया अधिक सोपी असते. ज्या बायकांनी हे सोसले, त्यांच्याच सुनांना आता ‘ज्ञातीसाठी अधिक मुले द्या’ म्हणणे न्यायाचे नव्हे. आणीबाणीत, १९७५ ते १९७७ या काळात, सक्तीच्या नसबंदीचा दुष्परिणाम देशाने भोगला. कमी मुलांची सक्ती जशी वाईट, तशीच अधिक मुलांची भीडही वाईट.

मुले थोडी झाली की वृद्धांचे प्रमाण वाढते, ही अडचण खरी आहे. म्हणून संघापुढे मी तीन गोष्टी ठेवतो. पहिली, बारावीनंतर शिकणाऱ्या मुलींसाठी स्वतंत्र शिष्यवृत्ती. दुसरी, गावी एकटे राहणाऱ्या वृद्धांची वाडीवार यादी करून दर आठवड्यास त्यांची विचारपूस करण्याची व्यवस्था. तिसरी, सामाईक सातबाऱ्यांमुळे अडलेल्या जमिनींसाठी भाऊबंदांनी चतुर्थीच्या सुट्टीत एकत्र बसून संमतीने वाटणी करावी अथवा जमीन कसावयास द्यावी. आणि २००५ च्या कायद्याने मुलींना दिलेला समान हिस्सा आनंदाने मान्य करावा.

शिरगणतीत आपण किती भरतो, ही चिंता सोडून आहेत ती मुले शिकलेली, लेकी सन्मानाने नांदणाऱ्या आणि म्हातारी माणसे निर्धास्त असावीत, एवढे पाहिले तर ज्ञातीचे बळ आपोआप वाढेल.