तारलीचं तेल आणि विकरांची कात्री

मी विलेपार्ल्यात राहते. आमच्याकडे मासळीपेक्षा साबुदाणावड्याची चर्चा अधिक. तरीही बाजारातल्या कोळीणमावशी मला हमखास हाक मारतात, "बाई, तारली घ्या, ताजी हाय!" पापलेट-सुरमईच्या थाटात तारलीकडे बघतं कोण? ती स्वस्त, काटेरी आणि वासाची. खपली नाही तर भुकटीच्या कारखान्यात जाते.

पण तिच्या तेलाचा साधारण चौथा हिस्सा ईपीए आणि डीएचए या ओमेगा-३ मेदाम्लांचा असतो. पावसाळ्यानंतरची तारली तर तेलानं तुळतुळीत. प्रश्न एवढाच, की हा हिस्सा वाढवायचा कसा? फार तापवलं, तर ही नाजूक मेदाम्लं हवेतल्या ऑक्सिजननं खवट होतात.

इथे विकरं, म्हणजे एन्झाइम्स, मदतीला येतात. डोकी-आतड्यांच्या लगद्यात आधी प्रोटीएज घालतात. प्रथिनं तुटतात, तेल सुटं होतं. मग पाळी लायपेजची. तेलाचा रेणू म्हणजे ग्लिसेरॉलच्या कण्याला जोडलेली तीन मेदाम्लं. कँडिडा रुगोसा या यीस्टचं लायपेज ही जोडणी कात्रीसारखं कापतं. सरळ साखळीची मेदाम्लं चटकन सुटतात. डीएचएची साखळी मात्र सहा दुहेरी बंधांमुळे वाकडी, आणि पहिला बंध जोडणीच्या अगदी जवळ, चौथ्या कार्बनवर. तिथे कात्रीचं पातं नीट शिरत नाही. सुटलेली मेदाम्लं बाजूला काढली, की डीएचएनं समृद्ध तेल मागे उरतं. एका फेरीत हे प्रमाण दीड-दोन पट होऊ शकतं, तेही अंगाच्या उबेइतक्या तापमानात.

मग सगळी तारली कारखान्यात धाडायची का? मला तसं वाटत नाही. २०१८ साली 'व्हायटल' या अमेरिकी चाचणीचे निष्कर्ष आले. पंचवीस हजारांहून अधिक लोकांच्या या चाचणीत, रोजच्या एक ग्रॅमच्या ओमेगा-३ कॅप्सूलनं हृदयविकाराचा झटका, पक्षाघात असे प्रसंग एकत्रितपणे लक्षणीय घटले नाहीत. तेव्हा गरिबाच्या ताटातला मासा काढून दुसऱ्याची कॅप्सूल भरायची, हा सौदा बरा नव्हे. ताटातली तारली ताटात राहावी. विकरांकडे जावीत ती फेकली जाणारी डोकी-आतडी. आणि त्यांचे दोन पैसे मासळी साफ करणाऱ्या हातांना मिळावेत.

हे सारं मी मावशींना समजावलं. त्या हसून म्हणाल्या, "डोक्यांना भाव आला की सांगा बाई. आज तारली तरी न्या!"

मी नेली.