वेगाची किंमत : स्पोर्ट्स मोटार आणि पेट्रोलची काटकसर



आजच्या भाषणाचा विषय ऐकून पुष्कळांना हसू आले असेल. ज्याने वेगाच्या हौसेखातर मोटार घेतली, त्याला पेट्रोलची काटकसर शिकवावयाची, म्हणजे मेजवानीला बसलेल्यास उपवासाचे माहात्म्य सांगण्यासारखे आहे, असे कोणी म्हणेल. परंतु माझे एक माजी विद्यार्थी, जे आता नागपुरास नोकरीस असतात आणि आठवड्याच्या अखेरीस दोन बैठकींची एक लहानशी स्पोर्ट्स मोटार घेऊन गावी येतात, त्यांनी मला हाच प्रश्न घातला. "सर, गाडी उत्तम आहे, पण हमरस्त्यावर ॲव्हरेज देत नाही. काय करावे?" या प्रश्नाचे उत्तर बहुतांशी शाळेतल्या पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात आहे, म्हणूनच मी ते देण्याचे धाडस करीत आहे.

आमचे गाव कारंजा (घाडगे) हे वर्धा जिल्ह्यातले. वाशीम जिल्ह्यातील कारंजा (लाड) ते निराळे. आमचा गाव नागपूर-अमरावती हमरस्त्यावर आहे. या रस्त्याचा राष्ट्रीय क्रमांक पूर्वी 6 होता, आता 53 आहे. कोंढाळीकडून येताना चढउतार लागतात. पुढे तळेगावजवळ सत्याग्रही घाट आहे. शिवाय आमच्या जिल्ह्यातूनच समृद्धी महामार्ग जातो. त्याचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा 11 डिसेंबर 2022 रोजी खुला झाला, आणि 2025 च्या जून महिन्यात 701 किलोमीटरचा संपूर्ण मार्ग मुंबईच्या दिशेने पूर्ण झाला. असे रस्ते दारात आल्यावर तरुणांचा पाय ॲक्सिलरेटरवर जड व्हावा, यात नवल नाही.

स्पोर्ट्स मोटार ही वस्तू मराठी मुलखाला अगदीच परकी आहे असेही नाही. गोव्यात सॅन मोटर्स या कारखान्याने सॅन स्टॉर्म नावाची दोन बैठकींची उघडी मोटार बांधली होती. तिचे अंग फायबरग्लासचे, आणि इंजिन रेनॉ कंपनीचे, अवघे 1149 घनसेंटिमीटरचे. पुढे दिलीप छाब्रिया यांनी 2012 साली अवंती ही मोटार लोकांपुढे मांडली. तिचे इंजिन दोन लिटरचे होते. या दोन गाड्यांत आपल्या विषयाची दोन टोके दिसतात. एकीचा भर हलकेपणावर, तर दुसरीचा शक्तीवर. पेट्रोलच्या दृष्टीने पाहता, हलके अंग आणि लहान इंजिन यांची जोडी केव्हाही सोयीची.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. सपाट रस्त्यावर एकसारख्या वेगाने धावणाऱ्या मोटारीला मुख्यतः दोन विरोध सोसावे लागतात. पहिला टायरांचा. टायर रस्त्यावर दबतो व पुन्हा फुलतो. या दबण्याफुलण्यात शक्ती उष्णतेच्या रूपाने वाया जाते. हा विरोध वेगाबरोबर फारसा वाढत नाही. दुसरा विरोध वाऱ्याचा, आणि खरा खर्चिक तोच. तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला की हा विरोध चौपट होतो.

नमुन्यादाखल हिशेब करू. मोटारीचे वजन माणसांसह 1200 किलो, आणि तिचा आकार सर्वसाधारण लहान स्पोर्ट्स मोटारीसारखा धरू. टायरांचा विरोध सुमारे 140 न्यूटन येतो. वाऱ्याचा विरोध ताशी 80 किलोमीटर वेगाला सुमारे 180, शंभराला 280, आणि 120 ला 400 न्यूटन. दोहोंची बेरीज अनुक्रमे 320, 420 आणि 540. एक लिटर पेट्रोलात सुमारे 32 मेगाजूल उष्णता असते, आणि तिचा चौथा हिस्सा चाकांपर्यंत पोचतो असे धरल्यास, शंभर किलोमीटर जाण्यास 80 च्या वेगाने चार लिटर, शंभरच्या वेगाने सव्वापाच लिटर, आणि 120 च्या वेगाने पावणेसात लिटर पेट्रोल लागेल. म्हणजे जी गाडी लिटरला 25 किलोमीटर जाते, तीच 19 वर आणि मग 15 वर येते. इंजिनाची कार्यक्षमता भार वाढल्यावर काहीशी सुधारते, म्हणून प्रत्यक्षात हा फरक थोडा कमी भरतो. पण त्याची दिशा हीच.

या खर्चाच्या मोबदल्यात वेळ किती वाचला, तेही पाहिले पाहिजे. शंभर किलोमीटरला 80 च्या वेगाने 75 मिनिटे लागतात, शंभरच्या वेगाने 60, आणि 120 च्या वेगाने 50. पहिल्या वाढीत सव्वा लिटर देऊन पंधरा मिनिटे मिळाली. दुसऱ्या वाढीत दीड लिटर देऊन फक्त दहा मििनिटे मिळाली. 2025 साली महाराष्ट्रात पेट्रोल लिटरला शंभर रुपयांवर होते. शंभरचाच भाव धरला, तरी पहिल्या पंधरा मिनिटांचा दर मिनिटाला आठ रुपये पडतो, आणि नंतरच्या दहा मिनिटांचा पंधरा रुपये. माल तोच, पण पुढे पुढे महाग होत जाणारा, असा हा सौदा आहे. सुज्ञ गिऱ्हाइकाने कोठे थांबावे, ते त्याचे त्याने ठरवावे.

स्पोर्ट्स मोटारीची स्वतःची अशी आणखी एक अडचण आहे. तिचे इंजिन मोठ्या कामासाठी घडविलेले असते. ते साध्या चालीसाठी वापरणे म्हणजे चार बैलांचा नांगर भाजीच्या वाफ्यात घालण्यासारखे आहे. थोडी शक्ती हवी असते, म्हणून हवेची झडप जवळजवळ मिटलेली असते, आणि त्या अरुंद फटीतून हवा ओढण्यातच इंजिनाचे पुष्कळसे श्रम जातात. यावर उपाय असा की, सपाटीवर एकसारखा वेग आला म्हणजे शक्य तितक्या लवकर वरचा गिअर टाकावा. फेरे कमी होतात, झडप थोडी अधिक उघडते, आणि तेच काम कमी पेट्रोलात होते. मात्र चढणीवर इंजिन धडधडू लागेपर्यंत हट्ट धरू नये; तेथे खालचा गिअरच योग्य.

आता उताराविषयी. आपल्याकडे एक जुनी समजूत आहे की, घाट उतरताना गाडी न्यूट्रलमध्ये टाकली म्हणजे पेट्रोल वाचते. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांतून ही समजूत आली असावी. आजच्या इंजेक्शनच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला, की पेट्रोलचा पुरवठा आपोआप बंद होतो. चाकेच इंजिनाला फिरवीत राहतात. उलट न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवण्यास पेट्रोल लागतेच. म्हणजे न्यूट्रलने काटकसर होत नाही, आणि इंजिनाचा रोध मात्र हातचा जातो. सगळा भार ब्रेकांवर येतो, ते तापतात, आणि ऐन वळणावर दगा देतात. घाटात इंजिन बंद करून गाडी सोडणे तर आत्मघातच होय, कारण त्याबरोबर स्टिअरिंगचे व ब्रेकचे साहाय्यही जाते.

ब्रेक हा पेट्रोलचा छुपा खर्च आहे. आपल्या नमुन्याच्या मोटारीला शून्यापासून ताशी शंभर किलोमीटर वेगाला आणण्यास, वरच्याच हिशेबाने, सुमारे 58 मिलिलिटर पेट्रोल लागते. छोटा कप चहा होईल इतके. ब्रेक दाबून गाडी थांबविली, की तो कप रस्त्यावर ओतला गेला असे समजावे. म्हणून चांगला चालक पुढे दूरवर पाहतो. संत्र्यांनी भरलेला ट्रॅक्टर शेतातून रस्त्यावर येऊ पाहत आहे, गुरे ओलांडत आहेत, किंवा टोलनाक्यावर रांग लागली आहे, हे त्याला आधीच दिसते. तो पाय अलगद काढून घेतो आणि ब्रेकची गरजच कमी पडू देतो. हे कौशल्य जोरात गाडी पळविण्यापेक्षा कठीण आहे, आणि माझ्या मते अधिक शोभिवंतही.

टायरांची हवा सकाळी, गाडी निघण्यापूर्वी, टायर थंड असताना तपासावी. योग्य आकडा बहुधा चालकाच्या दरवाज्याजवळील पट्टीवर छापलेला असतो. हवा कमी असेल तर टायर अधिक दबतो, पेट्रोल अधिक खातो, आणि तापतो. आमच्या विदर्भात मे महिन्यात पारा 45 अंशांपर्यंत चढतो; अशा वेळी तापल्या रस्त्यावर, कमी हवेच्या टायरांनी, मोठ्या वेगाने जाणे म्हणजे टायर फुटण्यास आमंत्रणच आहे. समृद्धी महामार्गावर टायर फुटून झालेल्या अपघातांच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. दुपारी तापलेल्या टायराची हवा वाढलेली दिसली म्हणून ती काढू नये. थंड झाल्यावर ती कमी पडते. तसेच शोभेसाठी अधिक रुंद टायर बसवू नयेत, आणि शर्यतीच्या गाडीसारखे पंख मागे लावू नयेत. ते पंख गाडीला रस्त्यावर दाबून धरण्यासाठी असतात, आणि त्याची किंमत वाऱ्याच्या विरोधात मोजावी लागते.

छत उघडे टाकल्याने आणि खिडक्या खाली केल्यानेही वाऱ्याचा विरोध वाढतो. गावात हळू जाताना खिडकी उघडी ठेवावी. हमरस्त्यावर काचा बंद करून वातानुकूलन चालविणे बहुधा बरे पडते. ट्रकच्या अगदी मागे राहून त्याच्या आडोशाचा फायदा घेण्याची युक्ती काहीजण सांगतात. आडोसा मिळतो हे खरे. पण ट्रकने ब्रेक लावला तर वाचविलेले पेट्रोल कोणाच्या उपयोगी पडणार?

पेट्रोलातही बदल झाला आहे. 2025 पर्यंत देशभर 20 टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळू लागले. इथेनॉलमध्ये लिटरमागे उष्णता पेट्रोलपेक्षा सुमारे तिसऱ्या हिश्श्याने कमी असते. म्हणून मिश्रणात ती सहा-सात टक्क्यांनी उणी भरते. त्यासाठीच घडविलेले इंजिन ही तूट काही अंशी भरून काढते. तेव्हा ॲव्हरेज थोडे उतरले तर लगेच मेकॅनिकला दोष देऊ नये.

आणि ॲव्हरेज मोजावे ते रीतीने. टाकी काठोकाठ भरावी, आकडा टिपावा, दोनशे-तीनशे किलोमीटर जावे, त्याच पंपावर पुन्हा तशीच भरावी, आणि किलोमीटरांना लिटरांनी भागावे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. 1939 साली अमेरिकेत इलिनॉय प्रांतातील शेल कंपनीच्या प्रयोगशाळेत, सारख्याच इंधनात अधिक दूर कोण जातो, अशी शास्त्रज्ञांत पैज लागली होती. तिच्यातूनच पुढे जगभर चालणारी काटकसरीची स्पर्धा उभी राहिली. म्हणजे काटकसरीतही चुरस आहे.

दुसऱ्या महायुद्धात आपल्या देशात पेट्रोल मोजून मिळे, आणि कोळशाच्या वायूवर मोटारी चालत. ती टंचाई गेली. पण आजही देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी 85 टक्क्यांहून अधिक तेल बाहेरून आणावे लागते. तरीही शेवटी मला जी गोष्ट सांगावयाची आहे, ती पैशाची नाही. वाऱ्याचा विरोध ज्या वर्गाच्या नियमाने वाढतो, त्याच नियमाने गाडी थांबण्यास ब्रेक दाबल्यापासून लागणारे अंतरही वाढते. वेग 80 वरून 120 वर गेला, की ते अंतर सव्वादोनपट होते. 2018 च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेने चौपदरी रस्त्यावर मोटारींना ताशी शंभर आणि द्रुतगती मार्गावर 120 ही कमाल मर्यादा घातली. ही मर्यादा आहे, आज्ञा नव्हे. तिच्या आत राहण्यास कोणाचीच मनाई नाही.

माझ्या विद्यार्थ्याला मी इतकेच सांगितले की, तुमची मोटार किती वेगाने जाऊ शकते, हे ती विकणाऱ्याने तुम्हांस सांगितलेच आहे. ती किती वेगाने न्यावी, हे ठरविण्याचे काम मात्र त्याने तुमच्यावर सोपविले आहे.