विसाव्या वर्षीचे शिखर



ज्ञानेश्वरी थोर की अमृतानुभव, हा वाद आपल्याकडे जुनाच आहे. तेव्हा तरुण कवीची कोणती कृती सर्वांत सरस, हा प्रश्न या व्यासपीठाला परका नाही. आज आम्ही तो एका दूरच्या कवीविषयी विचारणार आहोत. त्याचे नाव नासिर जोन्स. रसिक त्याला नाझ म्हणून ओळखतात. तो रॅपर आहे. रॅप म्हणजे तालावर बोललेली, यमकांनी बांधलेली कविता. 1970 च्या दशकात न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात ती जन्मली. मुंबईच्या गल्ल्यांतही ती पोचली आहे. तेथील रॅपरांवरून सुचलेल्या 'गल्ली बॉय' (2019) या चित्रपटाचा एक कार्यकारी निर्माता हाच नाझ होता.

त्याचा जन्म 1973 चा. न्यूयॉर्कच्या क्वीन्सब्रिज या सरकारी वसाहतीत तो वाढला. तेथे तीन हजारांवर बिऱ्हाडे आहेत. आठवीनंतर शाळा सुटली. 1992 साली जिवलग मित्र गोळी लागून गेला. एप्रिल 1994 मध्ये 'इलमॅटिक' हा त्याचा पहिला अल्बम निघाला, तेव्हा तो वीस वर्षांचा होता. सारा मिळून चाळीस मिनिटांचा मामला! पुढे 1996 मध्ये 'इट वॉज रिटन' हा दुसरा आला आणि तेथून भांडण सुरू झाले.

दुसऱ्याच्या कैवाऱ्यांचे म्हणणे ऐकण्यासारखे आहे. विक्रीच्या यादीत पहिला अल्बम 12 व्या स्थानावर अडला होता, तर दुसरा आल्याबरोबर पहिल्या स्थानी गेला. पण हे लोक केवळ खपावर बोलत नाहीत. त्यातल्या एका गीतात नाझ बंदुकीच्या तोंडून बोलतो. बंदूक आपली कैफियत मांडते, रक्तपाताला विटते आणि ऐन वेळी चालायचे नाकारते. अशी परकायाप्रवेशाची ताकद पहिल्या अल्बमात कोठे आहे, असे ते विचारतात. पहिल्याचे कैवारी उत्तर देतात की, दुसऱ्यात बाजाराचा वास येतो, श्रीमंत गुन्हेगाराचे सोंग दिसते. पहिल्यात आपल्या खिडकीतून दिसले तेवढेच सांगितले आहे.

आमचा कौल पहिल्याला आहे. कारण एका उदाहरणाने सांगतो. 'वन लव्ह' हे गीत म्हणजे तुरुंगातल्या मित्राला लिहिलेले पत्र. वस्तीत कोण कसे आहे, कोणाचे काय झाले, अशा साध्या बातम्या त्यात आहेत. शेवटी कवीला बारा वर्षांचा एक मुलगा भेटतो. तोही त्याच धंद्यात ओढला गेलेला. कवी त्याच्यापाशी बसून वडीलकीचा सल्ला देतो. सल्ला देणारा स्वतः विशीतला आहे, हे ध्यानात घ्या. ज्या वस्तीत विसाव्या वर्षीच माणसाला वडीलधारा व्हावे लागते, त्या वस्तीविषयी आणखी काय सांगायचे उरते? नाझने ते सांगितलेही नाही. आपल्याला ठाऊक आहे तेवढेच बोलायचे आणि थांबायचे, हा संयम मोठमोठ्यांना साधत नाही. आणखी एका गीताच्या अखेरीस त्याचे वडील, जॅझवादक ओलु दारा, यांचे कॉर्नेट वाजते. बापाचे सूर मुलाच्या शब्दांमागे उभे राहतात. एवढ्या छोट्या जागेत एक घर, एक वस्ती आणि एक पिढी मावली आहे.

परंतु हा कौल देताना आमचा हात अडखळतो. ज्याचे सर्वोत्तम विसाव्या वर्षीच झाले असे आपण ठरवितो, त्याने पुढची वर्षे काय करावे? नाझचा प्रत्येक नवा अल्बम त्या चाळीस मिनिटांच्या मापाने मोजला गेला. लग्नातले छायाचित्र पुढे धरून माणसाला आयुष्यभर 'तू आता तसा दिसत नाहीस' म्हणण्यासारखे हे आहे. 2002 साली त्याची आई वारली. त्याच वर्षीच्या 'गॉड्स सन' या अल्बमात त्याने ते दुःख गायिले आहे. ते वीस वर्षांच्या नाझने कोठून आणावे? ते दुःख त्याच्या वाट्याला अजून यायचेच होते.

काळाने मात्र आपल्यापेक्षा अधिक न्यायबुद्धी दाखविली. 2021 साली अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने 'इलमॅटिक'ला राष्ट्रीय ध्वनिमुद्रणांच्या यादीत स्थान दिले. त्याच वर्षी 'किंग्ज डिसीज' या अल्बमासाठी नाझला त्याचे पहिले ग्रॅमी पारितोषिक मिळाले. तेव्हा तो 47 वर्षांचा होता. वीस वर्षांचा मुलगा आणि सत्तेचाळिशीचा गृहस्थ, दोघांचाही एकाच वर्षी सत्कार झाला.

म्हणून आमची विनंती एवढीच. शिखर कोणते, यावर खुशाल भांडावे. भांडणाने कान तयार होतात. पण त्या शिखरालाच कवीचा तुरुंग करू नये. आपल्या घरातल्या, गल्लीतल्या पोरांनी काही चांगले लिहिले, तर त्यांचे कौतुक करावे आणि त्यांचे पुढचेही त्याच आस्थेने ऐकावे.