मदतीचे यंत्र आणि घरचे भांडवल
(मुरगूड, ता. कागल येथील बैठकीत केलेले भाषण)



आपण कापूस-ज्वारीवाली कोरडवाहू माणसे या वेदगंगेच्या काठी कशाला आलो, असे गाडीत दोघातिघांनी विचारले. इथे ऊस आहे, पाणी आहे. आपले काय काम? काम उसाचे नाही, दुधाचे आहे. या भागात डेअरीला दूध घातले की दर दहा दिवसांनी बिल हातात पडते. आपल्याकडे व्यापाऱ्याला कापूस घातल्यावर पैसे किती दिवसांनी मिळतात, ते तुम्हीच सांगा.

आपल्या जिल्ह्यात जिनिंगसाठी शेतकऱ्यांची उत्पादक कंपनी आपण उभी करतो आहोत. तिच्यापुढे एका परदेशी सरकारच्या मदतीचा प्रस्ताव आला आहे. इमारत, यंत्रे आणि तीन वर्षे व्यवस्थापकाचा पगार. काही कार्यकर्ते म्हणतात, परक्याच्या पैशाला शिवायचे नाही. काही म्हणतात, फुकट मिळते ते सोडणारा खुळा. आम्हाला दोन्ही पटत नाही.

दुधाचे काय झाले ते पाहू. आणंदचा खेडा संघ १९४६ चा. युनिसेफ आणि न्यूझीलंड सरकार यांच्या मदतीने तिथे दूध पावडरीचा कारखाना उभा राहिला तो १९५५ मध्ये. मधली नऊ वर्षे लोक दूध घालत होते, संघ विकत होता, पैसे चुकते करत होता. कोल्हापूरचा गोकुळ संघ १९६३ चा, आणि दुधाच्या महापुराची योजना १९७० ची. संस्था आधी, मदत मागून.

त्या योजनेत युरोपच्या सामायिक बाजाराने पहिल्या टप्प्यात १ लाख २६ हजार टन दूध पावडर आणि ४२ हजार टन बटर ऑइल फुकट दिले. दया आली म्हणून नव्हे. तिकडच्या सरकारांनी आपल्या शेतकऱ्याला भाव बांधून दिला होता, त्यामुळे पावडरीचे डोंगर साचले होते. (आपल्याला भाव बांधून द्या म्हटले की अर्थशास्त्र बिघडते!) ही पावडर आपल्याकडे फुकट वाटली असती तर मुंबईच्या डेअऱ्यांनी खेड्यातले दूध घेतलेच नसते. कुरियन यांनी ती विकायला लावली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रासच्या डेअऱ्यांना ती दाम मोजून घ्यावी लागली, आणि त्या पैशातून शीतकरण केंद्रे, टँकर, प्रक्रिया केंद्रे झाली. तरीही वाद झालाच. १९८३ मध्ये गोव्याचे क्लॉड अल्वारिस यांनी या योजनेवर कडाडून टीका केली, पुढे सरकारला झा समिती नेमावी लागली. पावडरीची सवय लागलेली डेअरी ताज्या दुधाला भाव देताना हात आखडते, हा आक्षेप आम्हाला आजही खोटा वाटत नाही.

आता दुसरी बाजू. अमेरिकेचा पी. एल. ४८० हा कायदा १९५४ चा. त्याखाली आलेला गहू रेशनच्या दुकानात स्वस्तात गेला. दुष्काळात त्याने माणसे जगवली, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. पण बरे पीक आलेल्या वर्षीही तो येतच राहिला. ज्वारी पिकवणाऱ्याला गिऱ्हाईक कुठून मिळणार? त्या गव्हाचे पैसे रुपयात साठत गेले, आणि १९७४ मध्ये अमेरिकेने १,६६४ कोटी रुपयांचा धनादेश भारताला परत दिला. हिशेब दोन सरकारांचा मिटला. ज्वारीवाल्याचा हिशेब कोणी मांडलाच नाही.

एक गोष्ट आमच्या घरचीही सांगितली पाहिजे. आम्ही नोकरी सोडून या कामात आलो तेव्हा एका गावात परदेशी मदतीतून ज्वारी सफाईचे यंत्र आणले. पेढे वाटले. सभासदांकडून भागाचा एक रुपयाही घेतला नाही, 'गरीब आहेत' म्हणून. पट्टा तुटला तेव्हा तो कोणी बदलायचा यावर तीन बैठका झाल्या. चौथ्या बैठकीला कोणी आले नाही. यंत्र गंजले. चूक देणाऱ्याची नव्हती, आमची होती. शेती पदवीत यंत्राची क्षमता काढायला शिकवतात. ते कोणाचे, हे शिकवत नाहीत.

म्हणून जिनिंगचे गणित मांडू. शंभर जणांनी दहा-दहा क्विंटल कापूस आणला तर हजार क्विंटल. सात हजार भाव धरला तर सत्तर लाख रुपये, आणि तेही आठवड्याच्या आत द्यायला हवेत. नाही तर उधारी चुकवायला माणूस खेडा खरेदीवाल्याच्या काट्यावर जाणारच. क्विंटलला ३४ किलो रुई धरली तर १७० किलोच्या दोनशे गाठी होतील. त्या विकून पैसे यायला वेळ लागतो, सरकीचे थोडे आधी येतात. तोवरचे सत्तर लाख त्या प्रस्तावात कुठेच नाहीत. इमारत आहे, यंत्र आहे, फलक आहे. कापूस घ्यायला पैसा नाही.

आमचे मत असे. यंत्र घ्यावे, पण तेवढ्याच गावांसाठी जिथे भागभांडवल आधी जमले आहे. व्यवस्थापकाचा पगार पहिल्या दिवसापासून आपण द्यावा. ज्याचा पगार परदेशातून येतो तो अहवाल तिकडेच लिहितो. खेळत्या भांडवलासाठी गाठी तारण ठेवून बँकेशी बोलणी आजपासून सुरू करावीत. आणि यंत्रासोबत 'आमचेच बियाणे, आमचेच औषध' अशी अट असेल तर कागद परत पाठवावा.

पुढच्या महिन्याच्या सभेला प्रत्येक गावाने भागाच्या पावत्या घेऊन यावे. प्रस्ताव वाचण्याआधी आपण त्या मोजू.